मैलागाडी, चाकोरी आणि कोंडवाडा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही इंग्रजी अमदानीतल्या बेळगावची स्वच्छता आणि रहदारी या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रे भरपूर आली. त्यांतली निवडक, थोडी कापून, उत्तरांसह देत आहोत.

आमची आजी शहापूरहून कॅम्पात जायचं म्हटलं की "तीन राज्यं ओलांडायची" असं म्हणायची. ही नुसती गंमत, की यात काही तथ्य आहे? (एक वाचक, शहापूर)

आजींचे बोलणे अक्षरशः खरे होते. 1818 मध्ये जनरल मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे किल्ल्याच्या आसपास लष्कराची छावणी वसली. तोच आपला कॅम्प. तिथला कारभार छावणीच्या कायद्याने आणि छावणीच्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने चाले. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या जुन्या वस्तीला 1851 मध्ये नगरपालिका मिळाली, ती 1850 च्या सव्विसाव्या कायद्याखाली. आणि शहापूर होते सांगली संस्थानात! संस्थानी मुलखात ब्रिटिश हद्दीतले कायदे आपोआप लागू होत नसत. म्हणजे तासाभराच्या पायपिटीत तीन कारभार.

स्वच्छतेच्या बाबतीत सर्वात कडक कारभार छावणीचा, आणि त्याचे कारण भूतदया नव्हते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेच्या प्रकृतीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने 1863 च्या अहवालात वर्षाला हजारी 69 गोरे सैनिक मरतात असा आकडा मांडला. त्यातले लढाईत पडलेले थोडे. पटकी (कॉलरा), हगवण आणि ताप यांनीच बहुतेक जात. पुढच्याच वर्षी, 1864 मध्ये, छावण्यांचा कायदा आला. त्यामुळे कॅम्पातली मोरी रोज धुतली जाई आणि शंभर पावलांवरच्या गल्लीतली तुंबलेली राही, हे चित्र देशभर सगळ्याच छावणीच्या गावांत दिसे.

घराण्याचे जुने कागद शोधत असाल तर एक लक्षात ठेवा. शहापूरच्या घराची पट्टी किंवा परवाना बेळगाव नगरपालिकेच्या दप्तरात सापडणार नाही. तो सांगली संस्थानच्या दप्तरात शोधावा लागेल.

आमच्या जुन्या वाड्यामागे जेमतेम माणूस जाईल एवढा बोळ आहे आणि भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर फूट-दीड फुटाची झडप आहे. तिला आतून काही वाट नाही. हे काय असावे? (एक वाचक, खानापूर)

हा पाटीचा संडास. आतल्या बाजूला वर दोन दगडी पायठे, मध्ये भोक, खाली पाटी. पाटी बांबूची, डांबर लावलेली. नंतर पत्र्याची आली. सफाई कामगाराने घरात पाऊल टाकू नये म्हणून ही झडप आणि हा बोळ. ज्याच्याशिवाय घराचे एक दिवस चालत नव्हते, त्याला दारातून येऊ द्यायचे नाही. जातीचा नियम असा भिंतीत चिणलेला आहे, आणि तुमच्या घरी तो अजून शाबूत आहे.

या व्यवस्थेमागचे शास्त्र त्या काळी नवीन होते. इंग्लंडमध्ये हेन्री मूल नावाच्या पाद्र्याने 1860 मध्ये कोरड्या मातीच्या संडासाचे पेटंट घेतले. त्याचे म्हणणे साधे: दर वेळी दीड पौंड, म्हणजे पावणेसातशे ग्रॅम, वाळवून चाळलेली माती वरून टाका. वास जातो, माशी बसत नाही, महिन्या-दोन महिन्यांत मैल्याची माती होते. वाळू चालत नाही, कारण ती ओल धरत नाही. पोयट्याची किंवा चिकणसर माती हवी. हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणि बराकींत ही पद्धत बरी चालली, कारण तिथे माती टाकायला माणूस उभा करता येई.

घरगुती वापरात ती दोन ठिकाणी फसली. पहिले म्हणजे पाणी. मूलसाहेबाच्या देशात कागद, आपल्याकडे तांब्या. पाटीत पाणी पडले की कोरड्या मातीचा चिखल होतो, मैला कुजतो, पाटी गळते आणि उचलणाऱ्याच्या डोक्यावरून ओघळ येतात. म्हणून चांगल्या बांधणीत पायठ्यांपुढे उतार देऊन धुण्याचे आणि लघवीचे पाणी वेगळ्या मोरीने काढत. तुमच्या झडपेशेजारी खाली बोटभर जाडीचे भोक दिसते का पाहा. असेल तर बांधणारा जाणता होता.

दुसरी अडचण आपल्या पावसाची. हिशेब करून बघा. घरात पाच माणसे, रोज माणशी एक वेळ, म्हणजे साडेसात पौंड माती. महिन्याला 225 पौंड. पावसाचे चार महिने धरले तर 900 पौंड, म्हणजे चारशे किलोंच्या वर कोरडी माती एका घराला उन्हाळ्यातच भरून ठेवायला हवी. खानापूरच्या पावसात कोरडी माती ठेवायची कुठे? ओसरीवर लाकूडफाटा, माळ्यावर भात. साहजिकच लोक चुलीतली राख टाकत. राखेने वास मरतो, पण मातीतले जिवाणू जे काम करतात ते राख करत नाही. त्यामुळे पुढे मैला गावाबाहेर गेल्यावर तिथे परत माती लागतेच.

गावाबाहेरच्या डेपोवर काय होई हेही सांगण्यासारखे आहे. मैलागाडी म्हणजे बैल जुंपलेली लोखंडी पिंपाची गाडी, झाकणाला कडी. ती रिकामी करण्याच्या दोन रीती. खोल खड्डा हा आळशी मार्ग. त्यात हवा जात नाही, वर्षानंतर उकरले तरी तसाच दुर्गंध. उथळ चर हा शहाणपणाचा: फूटभर खोल, त्यात काही इंचांचा थर, वर उकरलेली माती. जमिनीच्या वरच्या फूटभरातच कुजवणारे जिवाणू दाट असतात, म्हणून काही महिन्यांत त्या जागी पीक घेता येते. पुण्याने तिसरी वाट काढली. मैला राखेत आणि कचऱ्यात मिसळून, वाळवून सोनखत केले आणि ऊसवाल्यांना विकले. सुरुवातीला शेतकरी शिवेनात, पण उसाचा फुटवा पाहिल्यावर मागणी वाढली. सोनखत हा शब्द त्या व्यवहारात किती चपखल बसतो!

डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत कर्नाटकात बंद करण्याचा निर्णय 1970 च्या दशकात देवराज अरस यांच्या सरकारातले मंत्री बसवलिंगप्पा यांनी घेतला. देशभरासाठी कायदे झाले 1993 आणि 2013 मध्ये.

वाडा दुरुस्त करत असाल तर झडप खुशाल बुजवा, पण बोळ अंगणात घेण्याआधी सिटी सर्व्हेचा उतारा काढून पाहा. असे बोळ बहुतेक वेळा सार्वजनिक मालकीचे असतात.

चांदण्या रात्री रस्त्यावरचे कंदील लावत नसत म्हणे. खरे का? (एक वाचक, अथणी)

खरे. तेल वाचवायला पंचांग बघून दिवे लावण्याची रीत पुष्कळ नगरपालिकांत होती. श्रावणातल्या पौर्णिमेला आभाळ भरले की काळोखच. पंचांगाला ढग कळत नाहीत.

बैलगाड्यांच्या काळात "डावीकडून चाला" हा नियम कशाला लागत होता? वेग तो कितीसा? आणि मोडला तर दंड काय होता? (एक वाचक, निपाणी)

वेग थोडा, पण रस्ता अरुंद आणि गाड्या पुष्कळ. 1880 च्या दशकात आगगाडी येईपर्यंत इथला कापूस आणि धान्य आंबोली घाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरात जाई, तेही गाड्यांच्या तांड्यांनी. रात्री गाडीवान झोपलेला आणि बैल वाट काढतायत, हा रोजचा प्रकार. बैल काय करतो? पुढच्या गाडीच्या चाकाने जिथे खळगा पाडला तिथेच चाक घालतो, कारण तिथे ओढायला हलके जाते. सगळ्या गाड्या एकाच चाकोरीने गेल्या की खडीचा रस्ता दोन चरांपुरता खचतो, मधला भाग जनावरांच्या खुरांनी उखडतो आणि पावसाचे पाणी त्या चरांतच साठते. समोरून गाडी आली की कोणीतरी चाकोरी सोडून चढायचे. चढवताना आस मोडते किंवा जू निसटते. डावी बाजू धरण्याचा नियम या भांडणावर होता. समोरून गाडी आली तर आपण आपल्या डावीकडे सरायचे, पुढच्या गाडीला ओलांडायचे तर तिच्या उजवीकडून.

रस्ता खचण्यात चाकाचाही हात होता. लाकडी चाकावरची लोखंडी धाव दोन-एक इंच रुंदीची. मालाने भरलेल्या गाडीचे सगळे ओझे त्या दोन पट्ट्यांवर. खडी दाबून, वर मुरूम पसरून, पाणी मारून रूळ फिरवला नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात धाव खडीला कापत जाते. घाटात उतारावर चाक दोराने किंवा साखळीने जखडून घसटत नेत, त्याने तर नांगरल्यासारखी रेघ पडे. घाटरस्त्यांवरच्या नाक्यांवर जो टोल घेत (मुंबई इलाख्याचा टोलचा कायदा 1875 चा), त्यात दुरुस्तीची ही भरपाई असे.

डाव्या बाजूचा नियम इंग्लंडमधून आला. तिथे 1835 च्या हमरस्त्यांच्या कायद्याने तो सक्तीचा झाला होता. जाता जाता एक गोष्ट: 1928 मध्ये पोर्तुगालने रहदारी उजवीकडे नेली, पण शेजारच्या ब्रिटिश मुलखाची पद्धत लक्षात घेऊन गोव्यात डावीच ठेवली. नाहीतर चोर्ल्याच्या वाटेवर गाडीवानाला हद्दीवर बाजू बदलावी लागली असती.

आता दंड. भारतीय दंड विधान 1860 चे, अमलात आले 1862 मध्ये. त्यातल्या 279 कलमाप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर बेफाम गाडी हाकली किंवा घोडा पिटाळला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रस्त्यात अडथळा केला तर 283 प्रमाणे दोनशे रुपयांपर्यंत. हजार रुपये हा आकडा त्या काळी भयंकर होता. मजुराला दिवसाला चार आणे धरले तर चार हजार दिवसांची मजुरी. अर्थात एवढा दंड गाडीवानाला कोण करणार? ती कमाल मर्यादा. गंमत अशी की 2024 मध्ये भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा नंबर 281 झाला, पण बेफाम हाकण्याचा दंड हजार रुपयेच राहिला.

भाड्याच्या गाड्यांना नंबर, परवाना आणि दरपत्रक ही पद्धत मुंबईत 1863 च्या कायद्याने सुरू झाली. टांग्याच्या मागचा पितळी बिल्ला तिथून आला. बिल्ल्याचा खरा उपयोग दंडापेक्षा तक्रारीला: गाडीवान पळाला तरी नंबर राहतो.

कोंडवाड्यात गुरे घातली तर किती पैसे भरावे लागत? आमच्या गावातल्या म्हातारीची म्हण आहे, "शेळीला आणा, हत्तीला दोन रुपये." (एक वाचक, चिकोडी)

म्हण पक्की आहे, अगदी कायद्यातून उचललेली. 1871 च्या गुरे शिरण्याच्या कायद्यात दर असे होते: हत्ती दोन रुपये; उंट किंवा म्हैस आठ आणे; घोडा, खेचर, बैल, गाय चार आणे; वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे; मेंढी, शेळी, करडू एक आणा. शिवाय चाऱ्या-पाण्याचा खर्च वेगळा. चिकोडीत हत्तीचा दंड कोणी भरला असेल असे वाटत नाही, पण कायदा सगळ्या देशाचा होता.

शेतात शिरलेले जनावर धरायचा हक्क शेतकऱ्याला होता, पण चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचे. सार्वजनिक रस्त्याची नासधूस करणारी गुरे पोलीसही धरू शकत. सात दिवसांत मालक आला नाही तर नोटीस लागे, आणि नोटिशीनंतर आणखी सात दिवसांनी लिलाव. धरलेली गुरे वाटेत दांडगाईने सोडवून नेली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. चार आण्यांच्या गायीसाठी पाचशेची जोखीम, तरी मारामाऱ्या होतच.

आमच्या गल्लीतले जुने दगडी गटार पावसात वाहून स्वच्छ होते आणि शेजारचे नवे सिमेंटचे तुंबते. असे का? (एक वाचक, अनगोळ)

आधी तळ बघा. जुन्या गटाराचा तळ बहुधा अर्धगोल किंवा कोनात असेल, नव्याचा सपाट. उन्हाळ्यात पाणी बेताचेच असते. सपाट तळावर ते पसरते, बोटभर खोलीही राहत नाही, आणि गाळ जागीच बसतो. गोल तळात तेवढेच पाणी मधल्या चिंचोळ्या भागात खोल वाहते आणि गाळ ढकलत नेते. एकोणिसाव्या शतकात अंड्याच्या आकाराचे भुयारी गटार बांधत ते याच कारणाने, टोक खाली करून.

दुसरे म्हणजे उतार. गाळ बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला दोन-अडीच फुटांचा वेग लागतो. छोट्या गटाराला साधारण दीडशेला एक उतार पुरतो, म्हणजे शंभर फुटांत आठ इंच, किंवा 30 मीटरमध्ये 20 सेंटिमीटर. तुम्हाला स्वतः मोजता येईल. गवंड्याकडची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आतले हवेचे बुडबुडे काढून टाका (ते राहिले की माप चुकतेच), आणि नळीची दोन तोंडे गटाराच्या दोन टोकांना धरून पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंतचे अंतर मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. नळी पुरत नसेल तर टप्प्याटप्प्याने. एकूण उतार बरोबर निघाला तरी मध्ये कुठे तळ खचलेला असू शकतो, म्हणून दर दहा फुटांवर एक माप घ्याच. तुंबण्याची जागा बहुतेक अशा बशीतच सापडते.

तिसरे कारण फरशी. घरासमोर दुचाकी चढवायला जो तो गटारावर फरशी टाकतो, वर सिमेंट ओततो, आणि झाडूवाल्याचा फावडा आत जात नाही. काटकोनात वळणारे गटारही तसेच. वळणावर वेग मोडतो. तिथे गोलाई द्यावी आणि अलीकडे हातभर खोल खड्डा ठेवावा, गाळ त्यात बसतो आणि घमेल्याने काढता येतो.

जुन्या गटाराचीही एक खोड आहे. दगड जांभा असेल तर तो सच्छिद्र असतो. एका चुन्याला दोन वाळू, बैलाने फिरवायच्या घाण्यात मळून केलेला गिलावा आतून असेपर्यंत ठीक. गिलावा सुटला की सांडपाणी जांभ्यातून झिरपत थेट शेजारच्या आडात. गटार कोरडे आणि स्वच्छ दिसते ते कधी कधी यामुळेही. तुमच्या गल्लीत अजून आडाचे पाणी वापरत असतील तर हे आधी तपासा.

प्लेगात घरांची कौले काढत, असे वडिलांकडून ऐकले. कौलांचा आणि प्लेगाचा काय संबंध? (एक वाचक, गोकाक)

मुंबईत प्लेग दिसला सप्टेंबर 1896 मध्ये. फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला आणि अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, सामान जाळण्याचे, माणसे हलवण्याचे अधिकार मिळाले. समज असा होता की रोगाचे बीज अंधाऱ्या, कोंदट जमिनीत राहते. ऊन आत आले की मरते. म्हणून कौले उतरवा, भिंतींना चुना लावा, जमिनीवर कार्बॉलिक ॲसिड किंवा रसकापराचे पाणी मारा.

रोग पसरवणारी होती उंदरावरची पिसू. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने ते 1898 मध्ये मांडले, पण सर्वमान्य व्हायला आणखी दहा वर्षे गेली. तोवर औषध मारल्याने उंदीर शेजारच्या घरात पळाले आणि पिसवाही सोबत गेल्या. घरात उंदीर पडला की माळावर झोपड्या घालून राहायला जाणे, हा लोकांचा उपाय मात्र लागू पडे. उंदरांपासून माणूस दूर झाला, एवढेच त्याचे कारण. हाफकिन या शास्त्रज्ञाने काढलेल्या प्लेगाच्या लशीचा मोठा प्रयोग 1898 मध्ये आपल्या जवळच, हुबळीत झाला.

पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत जांभळे खडे टाकत. आजही टाकावेत का? (एक वाचक, रामदुर्ग)

ते पोटॅशियम परमँगनेट. 1890 च्या दशकात आग्र्याला हॅन्किन या शास्त्रज्ञाने ही पद्धत रूढ केली. रात्री पाणी गुलाबी होईपर्यंत टाकायचे, सकाळी रंग टिकला तर मात्रा पुरली. रंग गेला तर विहिरीत घाण जास्त. आज ते वापरू नका, ब्लीचिंग पावडर जास्त खात्रीची.

विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, मग 0.785 ने. आले ते हजार लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर 28 हजार लिटर. दर हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, दहा मिनिटे निवळू द्या, चुन्याचा साका बादलीच्या तळाशीच राहू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडून बादलीने घुसळा. तासभर पाणी काढू नका. संध्याकाळी टाकणे बरे. पावडर उघड्या पिशवीतली, वास गेलेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेले नसते. ती कितीही टाकली तरी पाणी फक्त पांढुरके होईल.